हिवरेवाली

टाक बोटाच्या पेरापेक्षा थोडा लहान होता. चांदीचा पातळ पत्रा, वरून गोल, खाली सपाट आणि मध्ये ठोकून उठवलेली एक उभी बाई. तिला डोळे नव्हते. नाकाच्या जागी एक उंचवटा तेवढा राहिला होता, आणि लुगड्याच्या चुण्यांपैकी तीनच मोजता येत होत्या. उजवी कड डावीपेक्षा जास्त झिजली होती. आनंदाबाई उजव्या कुशीवर निजायची. अठ्ठेचाळीस वर्षं तो टाक तिच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात, मंगळसूत्राच्या खाली असायचा.

रुखमाबाईनं तो चिंचेच्या कोळानं चोळला, राखेनं घासला, पाण्यात बुडवून पदरानं पुसला. बाई पुन्हा उजळली. डोळे मात्र आले नाहीत.

"रोज रोज काय घासता त्याले," अन्नपूर्णा चुलीजवळून म्हणाली. "आता नदीतच जायचा हाय तो."

अन्नपूर्णा रूपरावची बायको. रूपराव रुखमाबाईचा सावत्र भाऊ, आनंदाबाईच्या पोटचा. आनंदाबाई मागच्या कार्तिकात गेली. तिची बरसी बारा दिवसांवर आली होती. दुसरी बायको जिवंत असेतो वारलेल्या पहिलीचा टाक तिच्या गळ्यात असतो, रोज पहिला घास त्याला दाखवायचा असतो. ती गेली की वर्षभरानं टाकाची सोय लावायची, अशी त्या घरची रीत होती. एक तर देव्हाऱ्यात बसवायचा, नाहीतर नदीला द्यायचा. देव्हाऱ्यात बसवायचा तर नावानं बसवायचा.

आणि नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माही काई ना नाई बाईजी," अन्नपूर्णा भाकरी उलटत म्हणाली. "पण निवद दाखवाले बसली तर म्हणू काय मी? कोणाच्या नावानं दाखवू? हिवरेवालीच्या? हिवरेवाल्या तर गावात अजून दोन हायेत. त्या जित्या हायेत."

हे तिनं हसण्यावारी नेलं, पण त्यात खोट नव्हती. रुखमाबाईनं टाक देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, तेलाच्या कुपीशेजारी ठेवला.

रुखमाबाई पन्नास वर्षांची होती आणि तिला आईचं नाव माहीत नव्हतं. आई बाळंतपणाला माहेरी हिवऱ्याला गेली, तिथं रुखमा झाली आणि चौथ्या दिवशी आई गेली. कारंज्याजवळच्या या बोरखेडीत आलेल्या सुनेला कुणी नावानं हाक मारत नाही. ज्या गावची ती, त्या गावची वाली. कोंढाळीवाली, आष्टीवाली, नाचणगाववाली. तशी ती हिवरेवाली. दीड वर्ष नांदली आणि तेवढंच नाव मागं ठेवून गेली. नवरा बायकोचं नाव घेत नाही. मेलेल्या बायकोचं तर नाहीच, आणि घरात दुसरी आल्यावर कोण घेणार?

तिचे वडील अण्णाजी ओसरीवर बसून दोरी वळत होते. पंचाहत्तरी ओलांडली होती, डोळ्यात सार्‍या जगावर पडावं तसं धुकं पडलं होतं, पण अंबाडीचा पेड बोटांना दिसत होता. रुखमाबाई त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून उभी राहिली.

"बाबा."

"हं."

"बारा दिस राह्यले बरसीले."

"हाय ना ध्यानात."

"मंग हिवऱ्याले कधी जाऊ आपण?"

अण्णाजींनी पेडाला पीळ दिला, टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि ओढलं.

"वेचणी होऊ दे," ते म्हणाले. "वेचणी झाली की जाऊ."

हे वाक्य रुखमाबाई सात वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. तेव्हा हिवरा दीड दिवसाच्या बंडीवर होता. एक मुक्काम काटोलच्या अलीकडं, की दुसऱ्या दिवशी दुपारी गावात. दरवर्षी कापूस घरात यायचा, दरवर्षी नंतर तुरी यायच्या, मग गहू, मग लग्नं. मग तिचंच लग्न झालं. नवरा पटकीनं गेला, पदरात काही नव्हतं, आणि सासरच्यांनी तिला ज्या बंडीत आणली होती त्याच बंडीत परत धाडली. ते साल छप्पन. त्याच साली राज्यांची नवी वाटणी झाली, हिवऱ्याकडचा मुलूख तिकडं राहिला आणि वर्धा इकडं आलं. आधी दोन्हीकडच्या कचेऱ्यांचं डोकं नागपूरला होतं. मग तिकडचं भोपाळला गेलं आणि इकडचं मुंबईला. गावातल्या कुणालाही घर हलवावं लागलं नाही. तेव्हापासून अण्णाजींच्या वाक्याला एक पुस्ती जोडली गेली. "आता ते परराज्य झालं. नाक्यावर कागद मागतात म्हणे."

*

सकाळी दवात बायका वावरात उतरल्या. पऱ्हाटी कमरेपर्यंत होती आणि पहिल्या वेचणीचं बोंड चांगलं फुटलं होतं. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांना सुयांसारखी टोकं असतात. कापूस दोन्ही हातांनी एकदम उपसला तर बरा निघतो, पण ती टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. रुखमाबाईच्या बोटांवर दरवर्षी त्याच जागी त्याच जखमा व्हायच्या. ती पदराची ओटी बांधून ओळ धरायची आणि वावराच्या कडेच्या धुऱ्याला पोचेपर्यंत कंबर सरळ करायची नाही.

"वो कोंढाळीवाले, तुही ओळ सोडून माह्या ओळीत काऊन हात घालून राह्यली?"

"तुह्या ओळीत बोंडं मोठी हायेत म्हणून."

"आष्टीवालीले सांगा, पाणी आणजो म्हणा."

हाका वावरभर फिरत होत्या. रुखमाबाईला मात्र सगळ्या रुखमाबाई म्हणत. ती गावची लेक. परत आलेल्या लेकीला गाव नसतं, नावच असतं. साऱ्या गावात नावानं हाक मारली जाणारी बाईमाणूस ती एकटीच होती, आणि त्या हाकेत काय आहे ते तिला पंचवीस वर्षांत नीट कळलं होतं.

"रुखमाबाई," नाचणगाववाली शेजारच्या ओळीतून म्हणाली, "तुमी शाळेतल्या बाईकडून अर्ज धाडला होता म्हणे. आलं का काई?"

"आलं."

"काय आलं?"

"अर्जच आला. परत."

बायका हसल्या. रुखमाबाईही थोडी हसली. ओटी भरली होती. तिनं ती गाठोड्यावर रिकामी केली आणि पुन्हा ओळीत शिरली.

अर्ज तीन गेले होते. शाळेतल्या शरयूबाई वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्याहून बदलून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. आषाढात रुखमाबाई त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांनी वहीचं पान फाडून नीट विचारलं होतं, "आईचं निधन कोणत्या साली?"

"माह्या जन्माच्या साली. चौथ्या दिवशी."

"तुमचा जन्म?"

"वेचणीत."

शरयूबाईंनी अण्णाजींचं वय, मोठ्या पुराचं साल, आनंदाबाईचं लग्न असं एकेक जुळवून एकोणीसशे तीसचा कार्तिक काढला. त्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूचं बुक घेऊन दर आठवड्याला ठाण्यात जायचा, तिथून नकला वर जायच्या. म्हणजे मृत्यूची नोंद असणार, आणि नोंदीत नाव असणार, असं त्या म्हणाल्या. तालुक्याच्या कचेरीनं उत्तर दिलं की मृत्यू या जिल्ह्यात झालेला नाही. पलीकडच्या कचेरीनं हिंदीत लिहिलं की त्या तहसिलीत हिवरा नावाची चार गावं आहेत आणि अर्जदार दुसऱ्या राज्यातली आहे. तिसऱ्या ठिकाणाहून एक छापील नमुना आला. त्यात पहिलाच रकाना होता, मृताचे नाव.

शरयूबाईंनी नमुना पालथा करून पाहिला.

"जे हवंय तेच आधी मागतायत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वर्गातला नकाशा खाली ओढला. त्याच्या मागं, त्याच खिळ्याला, एक जुना नकाशा गुंडाळून टांगलेला होता. कसरीनं खाल्लेला. त्यावर वर्धा आणि हिवऱ्याकडचं छिंदवाडा एकाच पिवळ्या रंगात होते, मध्ये फक्त जिल्ह्यांच्या बारीक तुटक रेघा. नव्या नकाशावर त्याच जागी जाड रेघ होती आणि पलीकडं काहीच नव्हतं. कागदाची कोरी जागा. शरयूबाईंनी जुन्या नकाशावर दोन जागा दाखवल्या. कारंजा इथं. हिवरा इथं कुठंतरी, या चार ठिपक्यांपैकी एक.

रुखमाबाईनं बोट ठेवून पाहिलं. अंतर बोटाच्या पेराएवढं होतं. टाकाएवढं.

"अर्ज नका करू आता," शरयूबाई म्हणाल्या. "जा तुम्ही. कोतवालाचं घर विचारा."

"नाक्यावर कागद मागतात ना पण."

"कसला कागद?"

"त्या राज्यात जायाचा."

शरयूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "मागणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला बरं वाटत असेल तर मी एक चिठ्ठी देते."

*

बरसीला आठ दिवस असताना रुखमाबाईनं रात्रीच्या भाकरी पहाटे फडक्यात बांधल्या.

"आज वेचाले नाई येत मी," तिनं रूपरावला सांगितलं.

रूपराव बैलांना पेंड घालत होता. चाळिशीचा, कमी बोलणारा, वाईट नसलेला माणूस. तो सरळ झाला.

"ऐन वेचणीत? बाई, ढग पाह्यले का तू? भिजला कापूस तर पिवळा पडन सारा."

"एका दिसात येतो."

"माय माही गेली तिचंही वरीस हाय. तिच्या बरसीचं काम सोडून तू..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बादली उचलली. "जाय बापा. तुले कोण अडवलं."

ओसरीवर अण्णाजी जागे होते. ती त्यांच्यासमोरून चपला हातात घेऊन गेली. त्यांनी मान वळवली नाही, पण दोरी वळणारी बोटं थांबली होती.

पिशवीत रेशनकार्ड होतं, सरपंचाचा दाखला होता, शरयूबाईंची चिठ्ठी होती. एस्टीनं कोंढाळी, तिथून काटोल. काटोलला दुसऱ्या गाडीत ती पुढच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. दोन्हीकडं संत्र्याच्या बागा होत्या, हिरव्या फळांनी वाकलेल्या. मग पऱ्हाटी. मग तुरी. तिनं कंडक्टरला विचारलं, "सरहद्द आली की सांगजा."

"ते तर मांगच गेली, मायबाई," कंडक्टर म्हणाला. "पाटी होती ना पिवळी."

रुखमाबाईनं मागं वळून पाहिलं. काचेतून धूळ दिसली, आणि धुळीत एक बंडी. अलीकडच्या वावरात बाया वेचत होत्या, पलीकडच्याही वावरात वेचत होत्या. तशीच ओटी, तशाच वाकलेल्या. कुणी कागद मागितला नाही. पंचवीस वर्षं ती ज्या नाक्याला भीत होती तो आला कधी आणि गेला कधी ते तिला कळलंच नाही. तिनं रेशनकार्ड पिशवीच्या तळाशी ढकललं आणि बाहेर पाहत राहिली. तिला स्वतःचाच राग येत होता.

पहिल्या हिवऱ्यात अण्णाजींचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिथून तीन मैल चालून दुसरा. दुसऱ्या हिवऱ्याच्या चावडीवर पन्नाशीचा एक माणूस बिडी ओढत बसला होता, खांद्यावर कोतवालाचा पट्टा.

"तानबा माहं नाव. तीस साल? तवा माहा बाप होता कोतवाल," तो म्हणाला. "जुनी बुकं? हायेत ना. नवं राज्य आलं तवा नवी बुकं आली. जुनी कोणी मागितली नाई, आमी फेकली नाई. या घरी."

घर गावाच्या कडेला होतं. तानबानं माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. बुकं सुतानं बांधलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्याला वाचता येत होतं, पण सावकाश. रुखमाबाई उंबऱ्याशी बसली. दुपारचं ऊन तिच्या पायाच्या बोटांवरून घोट्यापर्यंत आलं तेव्हा तो थांबला.

"बोरखेडी म्हणता ना? हे पाहा. कार्तिक. जनम." त्यानं बोटानं ओळ धरली. "लडकी. जिंदा. बाप का नाम अण्णाजी, साकिन बोरखेडी."

रुखमाबाई पुढं सरकली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शाई ओळखता आली. तपकिरी, कागदात मुरलेली. एवढीशी. तीच ती.

"अन् खाली?"

तानबानं पान उलटलं. मृत्यूंचं पान. बोट खाली खाली आलं.

"औरत," तो वाचत गेला. "जौजे अण्णाजी, म्हंजे त्यायची बायको, साकिन बोरखेडी. उमर उन्नीस. सबब जापा, बाळंतपण." तो थांबला. पुन्हा वाचलं. मग तिच्याकडं न पाहता म्हणाला, "नाव नाई लिहेल."

"पुन्हा एकदा पाह्यजो बापा."

"पाह्यलं ना. नावाच्या जागी औरतच हाय."

रुखमाबाईनं मान हलवली. चार महिने, तीन अर्ज, दोन राज्यं. तिच्या फडक्यातली भाकरी तशीच होती. तिनं ती सोडली आणि परत बांधली.

आतून काठीचा आवाज आला. तानबाची माय, गिरजाबाई, भिंत धरून दाराशी आली. पाठीचा कणा विळ्यासारखा वाकलेला, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या.

"कोण आलं रे?"

"बोरखेडीच्या हायेत. अण्णाजीची लेक. मायचं नाव शोधून राह्यल्या. बाबानं लिहेलच नाई नाव."

"तो कायले लिहीन?" म्हातारी खाली बसली. बसायला वेळ लागला. "पटवारी लिहे, तो सांगे. गावातल्या लेकीबाळीचं नाव ठाण्यात कायले घ्याचं म्हणे तो. शिपाई राह्यतात तिथं, दारू पिऊन बसेल राह्यतात. त्यायच्या तोंडी आपल्या पोरीचं नाव काऊन द्याचं? साऱ्या बुकात पाह्य, एका बाईचं नाव नाई भेटन तुले." तिनं हात पुढं केला. "अशी जवळ ये वो. उजेडात."

रुखमाबाई जवळ गेली. म्हातारीनं तिच्या तोंडावरून बोटं फिरवली, कपाळ, नाकाचा उंचवटा, हनुवटी.

"सारजीची पोर तू," ती म्हणाली.

बाहेर कोंबड्या उकरत होत्या. तानबानं पेटीचं झाकण अर्धंच लावलं होतं.

"काय म्हटलं तुमी?"

"सारजा. आमी सारजी म्हणो. माह्याहून दोन वर्षानं मोठी. इथं कोणालेही विचार. इथं तिले हिवरेवाली कोण म्हणन? साराच गाव हिवऱ्याचा." म्हातारी दात नसलेलं हसली. मग तिनं रुखमाबाईचा हात धरला. "लई वाट पाह्यली वो तिनं. सातव्या महिन्यात आली होती. म्हणे, घ्याले येतील. निरोप धाडला होता ना त्यानं."

"काय निरोप?"

"वेचणी झाली की येतो म्हणून."

रुखमाबाईच्या हातावरचे केस उभे राहिले होते, ते म्हातारीच्या बोटांना कळलं असावं, कारण तिनं तिचा हात दोन्ही हातात घेतला.

"तू झाली तवा पुन्हा माणूस धाडला. तिले ताप होता. तो काई आला नाई. दोन महिन्यानं बंडी आली, तुले न्याले. त्याच्या बापानं आणली होती. तो नव्हताच बंडीत." तिनं काठीनं मागच्या बाजूला दाखवलं. "तिचा भाऊ गेला निघून, घर पडलं. दगड हाय पण अजून, त्यायच्या वावराच्या धुऱ्यावर, पळसाखाली. दरसाल आकजीच्या सणाले मी शेंदूर लावतो. आता दिसत नाई तर हा लावते. सांग तुह्या बापाले, दगड अजून हाय म्हणा."

पळसाखालचा दगड गुडघ्याएवढा होता. रुखमाबाईनं भाकरी सोडून अर्धी त्याच्यापुढं ठेवली. मग बाजूला बसून उरलेली अर्धी खाल्ली. समोरच्या वावरातली पऱ्हाटी फुटली होती आणि वेचायला कुणी आलं नव्हतं. उठताना तिनं सवयीनं धुऱ्यालगतच्या झाडाची चार बोंडं वेचली, आणि हातात धरून उभी राहिली, कुणाच्या ओटीत टाकावीत ते न कळून.

*

घरी तिनं काहीच सांगितलं नाही. अन्नपूर्णानं विचारलं, "भेटलं का?" ती म्हणाली, "बुकात नाई लिहेल." ते खोटं नव्हतं. रूपरावनं हुं केलं. ढग आले तसे गेले. सात दिवस ती रोज ओळीत होती, आणि ओळीतून ओळीत जाताना ते नाव तिच्या तोंडात होतं, सुपारीसारखं. ते तिला कुणालाही देता आलं असतं. अन्नपूर्णाला दिलं असतं तर टाक त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यात गेला असता. पण ते आपण या घरात आणायचं नाही, असं तिला वाटत होतं. ते या घरात आधीच होतं. ओसरीवर बसून दोरी वळत होतं.

लहानपणी ती आनंदाबाईच्या कुशीत झोपायची. नव्या मायनं तिला कधी दूर केलं नाही, हे तिनं जन्मभर सगळ्यांना सांगितलं. रात्री टाक घसरून तिच्या गालावर यायचा, आधी गार, मग गालाएवढाच ऊन. तेव्हा तिला वाटायचं दोघी आहेत.

बरसीच्या सकाळी अंगण सारवलं होतं. आनंदाबाईच्या नावानं पान वाढून झालं, कावळा लवकर शिवला, शेजारची चार माणसं जेवून उठली. रूपरावनं हात धुतले, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरून टाक उचलला आणि रुमालात बांधला.

"नदीवर जाऊन येतो," तो म्हणाला. "मंग वावरात. बाया थांबल्या हायेत."

तो ओसरीवर आला. रुखमाबाई अण्णाजींच्या पायाशी बसली होती. तिनं रूपरावकडं पाहिलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी हिवऱ्याले गेलती."

"ठाऊक हाय."

"नाक्यावर कागद नाई मागत कोणी."

अण्णाजींनी दोरी खाली ठेवली.

"पळसाखाली दगड हाय तिचा. कोतवालाची म्हातारी शेंदूर लावते. तिनं तुमाले सांगाले सांगितलं, दगड अजून हाय म्हणून." ती थांबली. "तुमी निरोप धाडला होता, तो पण हाय तिच्या ध्यानात."

अन्नपूर्णा दारात आली, हातात खरकटं ताट घेऊन, तशीच उभी राहिली. रूपरावच्या हातात रुमालाची गाठ होती.

"काटोलपर्यंत गेलतो मी," अण्णाजी म्हणाले. आवाज घशातून नीट सुटला नाही, त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं. "दुसरा माणूस आला तवा निघालो होतो. पायीच. बापानं बंडी दिली नाई, बंडीत कापूस होता. काटोलले हिवऱ्याचा माणूस भेटला. म्हणे झालं, माती पण झाली. मी तिथूनच परतलो." त्यांची नजर अंगणापलीकडं कुठंतरी होती. "दुसऱ्या दिवशी वावरात होतो. वेचत."

"बाबा," रूपराव हळू म्हणाला, "मी जाऊ का? ऊन होऊन राह्यलं."

अण्णाजींनी हात पुढं केला. आधी कुणाला कळलं नाही. मग रूपरावनं रुमाल त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्या बोटांनी गाठ सोडली, दोरी सोडवावी तशी, टोक शोधत. टाक तळव्यावर आला. त्यांनी अंगठा त्या बाईवरून फिरवला, जिथं डोळे नव्हते तिथं थांबवला. पत्रा गार होता की ऊन, ते रुखमाबाईला दिसत नव्हतं. तिला फक्त त्यांच्या ओठांचं हलणं दिसत होतं, आवाज नसलेलं, तीन अक्षरांचं. एकदा. दोनदा.

"माय जिती होती तवा तिले इचारून घेतलं असतं," अन्नपूर्णा दारातून पुटपुटली, कुणाला उद्देशून ते तिलाही कळलं नसावं.

"इचारलं असतं तर तिनं कवाच धाडलं असतं मले," अण्णाजी म्हणाले. त्यांनी टाक सदऱ्याच्या खिशात ठेवला, भिंत धरली आणि उठले. रुखमाबाई हात द्यायला गेली. त्यांनी तिचा खांदा धरला.

"रूपराव, बायकायले सांग, आज वेचणी नाई," ते म्हणाले. "बंडी जुंप, कारंज्याच्या मोटारीपर्यंत सोड आमाले. मी सारजीले आणाले जातो."